इंग्रजीच्या वाटेने इटालियन : नवशिक्यांच्या एका व्याकरण-अभ्यासक्रमाचे परीक्षण

इटालियन भाषेचे प्राथमिक व्याकरण शिकवणारे ऑनलाइन अभ्यासक्रम आता मुबलक मिळतात आणि त्यांतील बहुतेकांचा साचा एकच असतो. शिक्षक मूळ इटालियनभाषक, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी, प्रत्येक धड्यासोबत छापून घेता येईल असे टिपण आणि धड्याअखेरीस संगणक तपासतो अशी प्रश्नावली. अशाच एका अभ्यासक्रमाचे हे परीक्षण आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणारे बरेचसे गुणदोष त्या एकट्याचे नसून साच्याचे आहेत. मत आधीच सांगायचे तर अभ्यासक्रम प्रामाणिक आहे, नियम अचूक सांगतो आणि उदाहरणे काळजीपूर्वक निवडतो. परंतु तो रचताना डोळ्यांसमोर विद्यार्थी होता तो इंग्रजी मातृभाषेचा. त्यामुळे जे मराठी माणसाला जन्मतःच ठाऊक असते ते येथे घोळवून घोळवून सांगितले जाते आणि जेथे आपली खरी अडचण आहे तेथून शिक्षक हसतमुखाने पुढे निघून जातो.

अभ्यासक्रमाचा आवाका मर्यादित आहे आणि तो तसा आहे हे चांगले आहे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या चौकटीतील सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन, म्हणजे ‘ए-१’ आणि ‘ए-२’, एवढाच त्याचा दावा आहे. उच्चार आणि लेखन, नामे, उपपदे (इंग्रजीतील ‘द’, ‘अ’ यांसारखे शब्द), विशेषणे, वर्तमानकाळ, शब्दयोगी अव्यये आणि दोन भूतकाळ एवढे विषय तो हाताळतो. कथा-कादंबऱ्यांत सर्रास आढळणारा ‘पास्सातो रेमोतो’ हा भूतकाळ आणि शंका, इच्छा, शक्यता व्यक्त करणारा ‘कोंजुंतीवो’ हा क्रियापदाचा रूपप्रकार त्याने सरळ वगळला आहे. नवशिक्याला हे दोन्ही न शिकवण्याचा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. प्रस्तावनेच्या धड्यात एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली आहे, तीही थोडक्यात आणि नेमकी. आपण जी शिकणार आहोत ती प्रमाण इटालियन चौदाव्या शतकातील फिरेन्झेच्या (फ्लॉरेन्सच्या) साहित्यभाषेवर उभी आहे. १५८३ साली स्थापन झालेल्या ‘आक्कादेमिया देल्ला क्रुस्का’ या संस्थेने १६१२ मध्ये तिचा कोश छापला. आणि १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले तेव्हाही बहुसंख्य लोक घरी आपापल्या बोलीच बोलत होते. प्रमाण भाषा आणि बोली यांतले अंतर ज्यांनी घरातच अनुभवलेले असते त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उच्चारांचा विभाग हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत देखणा आणि आपल्या सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. ‘र’ कसा थरथरवावा, स्वर ताणून न ओढता कसे स्वच्छ ठेवावेत, ‘त’ म्हणताना जिभेचे टोक दातांना कसे लावावे यावर तो बराच वेळ खर्च करतो. मराठी माणसाने यातले काहीच नव्याने शिकायचे नाही. त्याने उलट इंग्रजीची सवय विसरायची आहे, कारण रोमन लिपीतला ‘टी’ दिसला की आपण नकळत ‘ट’ म्हणतो आणि ‘तेम्पो’ चा ‘टेम्पो’ करून टाकतो. इटालियनमध्ये ‘ट’ आणि ‘ड’ नाहीत, ‘त’ आणि ‘द’ आहेत, एवढे एक वाक्य या विभागात असते तर पुरे होते. ‘झेड’ या अक्षराचेही तसेच. ते कधी ‘त्स’ आणि कधी ‘द्झ’ असे उच्चारले जाते हे समजावताना शिक्षकाला इंग्रजीत चांगलीच कसरत करावी लागते; मराठीत मात्र ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ वेगळे आहेत, तसेच ‘जग’ आणि ‘जाड’ यांतील ‘ज’ वेगळे आहेत. ‘पीत्सा’ मध्ये येतो तो ‘चाक’ मधला ध्वनी, फक्त दुहेरी. शून्यासाठीच्या ‘द्झेरो’ मध्ये येतो तो ‘जाड’ मधला. आणि ‘सी’ नंतर ‘ई’ किंवा ‘आय’ आले की होतो तो ‘चार’ मधला ‘च’. हिंदीभाषकालाही न मिळणारी ही सोय आपल्याला फुकट मिळालेली आहे.

दुहेरी व्यंजनांच्या सरावाबद्दलही हेच म्हणता येईल. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘कापेल्लो’ म्हणजे केस आणि ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. ऐकून फरक ओळखण्याचा लांबलचक सराव दिला आहे, पण जोडाक्षरांवर वाढलेल्या कानाला तो पहिल्याच फेरीत जमतो. या टप्प्यावर शब्द देवनागरीत लिहून घेण्याचा मोह होईल आणि उच्चारासाठी ते हिताचेही आहे, मात्र तो लवकर आवरावा. कारण इटालियन ‘एच’ चा उच्चार होत नाही, पण लेखनात तो अर्थ वेगळे करतो. ‘माझ्याकडे आहे’ आणि ‘किंवा’ हे दोन्ही शब्द देवनागरीत ‘ओ’ असेच उतरतात. ‘वर्ष’ आणि ‘त्यांच्याकडे आहे’ हे दोन्ही ‘आन्नो’ होतात. रोमन लिपीत मात्र प्रत्येक जोडीतील एकाच्या आरंभी ‘एच’ असतो आणि तो गाळणे ही साधी नजरचूक मानली जात नाही.

येथेच प्रश्नावलीतील पहिला मोठा दोष समोर येतो. इटालियनमध्ये डोक्यावर तिरकी रेघ नसलेला एकाक्षरी ‘ए’ म्हणजे ‘आणि’ आणि रेघ असलेला ‘ए’ म्हणजे ‘आहे’. धड्यात हे स्पष्ट सांगितले आहे. तरीही उत्तरे तपासणारी संगणकीय व्यवस्था रेघ दिली काय नि न दिली काय, दोन्ही बरोबर धरते. बहुधा साध्या कळफलकावर ही अक्षरे टंकायला त्रास होतो म्हणून ही सवलत दिली असावी, पण त्यामुळे ‘मार्को थकलेला आहे’ असे लिहू पाहणारा विद्यार्थी ‘मार्को आणि थकलेला’ असे लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवतो. हीच व्यवस्था दुसऱ्या टोकाला नको तेवढी कडक आहे. इटालियन क्रियापदाच्या प्रत्ययावरूनच कर्ता कळतो, म्हणून ‘ईओ’, ‘तू’, ‘नोय’ ही सर्वनामे बोलताना सहसा गाळतात असे शिक्षक सांगतो; आणि पुढच्याच प्रश्नावलीत सर्वनाम गाळलेले उत्तर चूक ठरते. ‘उद्या येतो’ म्हणताना आपण तरी ‘मी’ कुठे लावतो? मराठी विद्यार्थी सहज सर्वनाम गाळतो आणि बरोबर असूनही गुण गमावतो.

नामांचे लिंग हा विषय इंग्रजीभाषकाला पटवून द्यावा लागतो, म्हणून निर्जीव वस्तूंना लिंग का असावे यावर येथे एक संपूर्ण धडा आहे. तो निःशंकपणे सोडून द्यावा. ज्याच्या भाषेत दार नपुंसकलिंगी आणि खिडकी स्त्रीलिंगी असते त्याला दोन लिंगांची भाषा कमीच वाटेल. पण या ओळखीतच एक सापळा आहे, आणि अभ्यासक्रमाला तो दिसणे शक्यच नव्हते. मराठीत ‘आ’कारान्त नाम बहुधा पुल्लिंगी असते, जसे ‘रस्ता’, ‘घोडा’, ‘आंबा’. इटालियनमध्ये ‘आ’कारान्त नाम बहुधा स्त्रीलिंगी आणि ‘ओ’कारान्त पुल्लिंगी असते. त्यात अनेकवचन करताना ‘आ’ चा ‘ए’ होतो, अगदी ‘रस्ता–रस्ते’ सारखा, त्यामुळे ‘पोर्ता’ म्हणजे दार आणि ‘पोर्ते’ म्हणजे दारे हे रूप आपल्याला इतके घरचे वाटते की त्याच्या जोडीला पुल्लिंगी विशेषण लावले जाते. गंमत म्हणजे ‘लूका’, ‘आंद्रेआ’, ‘निकोला’ ही इटलीत पुरुषांची नावे आहेत, तेव्हा मराठी अंदाज तेथे मात्र अचूक ठरतो.

‘ओ’ चा ‘ई’, ‘ए’ चाही ‘ई’ आणि ‘आ’ चा ‘ए’ हे अनेकवचनाचे तीन नियम नीट मांडले आहेत. हात या अर्थाचा ‘मानो’ शेवटी ‘ओ’ असूनही स्त्रीलिंगी, ‘प्रोब्लेमा’ मूळ ग्रीक असल्याने ‘आ’ असूनही पुल्लिंगी, ‘फोतो’ हा ‘फोतोग्राफीआ’ चा संक्षेप म्हणून स्त्रीलिंगी, आणि शेवटच्या स्वरावर आघात असलेला ‘चित्ता’ म्हणजे शहर अनेकवचनात जसाच्या तसा, ही अपवादांची निवडही नेमकी आहे. ‘आमीको’ चे अनेकवचन ‘आमीची’ पण ‘आमीका’ चे ‘आमीके’, हेही सुटलेले नाही. फक्त अंड्यासाठीचा ‘उओवो’ आणि बोटासाठीचा ‘दीतो’ अनेकवचनात ‘उओवा’ आणि ‘दीता’ होऊन एकाएकी स्त्रीलिंगी का होतात, यावर ‘अपवाद आहे, पाठ करा’ एवढेच उत्तर मिळते. लॅटिनमध्ये तिसरे, नपुंसकलिंग होते आणि या रूपांच्या शेवटचा ‘आ’ हा त्याच्याच अनेकवचनाचा अवशेष आहे, असे एक वाक्य पुरले असते. तीन लिंगांच्या भाषेतून येणाऱ्या वाचकाला ते लगेच पटले असते आणि लक्षातही राहिले असते.

आता उपपदांकडे वळतो, कारण मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी येथे आहे. मराठीत उपपद नाही. इटालियनमध्ये निश्चित उपपदाची रूपे ‘इल’, ‘लो’, ‘ला’, ‘ई’, ‘ल्यी’, ‘ले’ आणि स्वरापूर्वी आखडलेले ‘ल’ एवढी आहेत. रूपांचा तक्ता उत्तम आहे. पुल्लिंगी नामाच्या आरंभी ‘स’ला जोडून दुसरे व्यंजन आले, किंवा ‘त्स’, ‘द्झ’, ‘प्स’, ‘न्य’ असे ध्वनी आले, की ‘इल’ ऐवजी ‘लो’ येतो, म्हणून ‘लो स्तुदेंते’, ‘लो द्झाइनो’, ‘लो प्सिकोलोगो’, हे शिक्षक मोठ्याने म्हणवून घेतो आणि चाल लावल्यासारखे ते तोंडात बसते. परंतु उपपद नामाला पाहून नव्हे तर लगेच पुढे येणाऱ्या शब्दाला पाहून बदलते, ही गोष्ट तक्त्याखाली बारीक अक्षरांत टाकली आहे. ‘लो स्तुदेंते’ म्हणजे विद्यार्थी, पण नवा विद्यार्थी म्हणताना ‘इल नुओवो स्तुदेंते’. ‘इल लीब्रो’ म्हणजे पुस्तक, पण तेच पुस्तक म्हणताना ‘लो स्तेस्सो लीब्रो’. ही दोन उदाहरणे मुख्य धड्यात हवी होती.

रूपांपेक्षा अवघड आहे तो वापर. उपपद कधी लावायचे, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रम इंग्रजीच्या आधाराने देतो आणि जेथे इंग्रजीपेक्षा इटालियन वेगळी वागते तेवढ्याच जागा दाखवतो. ज्याला इंग्रजीतील उपपदेच पुस्तकातून शिकावी लागली त्याला हा उसना आधार फार लांब नेत नाही. इटालियनमध्ये वस्तूच्या जातीविषयी बोलतानाही उपपद लागते: मला कॉफी आवडते म्हणताना कॉफीला ‘इल’, आयुष्य खडतर आहे म्हणताना आयुष्याला ‘ला’. देशांच्या नावांनाही ते सामान्यतः लागते. ‘दोमेनिका’ म्हणजे येणारा किंवा गेलेला एखादाच रविवार, पण ‘ला दोमेनिका’ म्हणजे दर रविवारी. माझे पुस्तक म्हणताना ‘इल मीओ लीब्रो’, पण माझे वडील म्हणताना नुसते ‘मीओ पाद्रे’. आणि माझे भाऊ असे अनेकवचन झाले की उपपद परत येऊन ‘ई म्येई फ्रातेल्ली’. जवळच्या नात्यांतील एकवचनाचा हा नियम शिक्षकाने इतक्या घाईत सांगितला आहे की मला तो भाग थांबवून पुन्हा पाहावा लागला. ज्या भाषेत उपपदच नाही तिच्या भाषकाला येथे वेगळे, मोठे, नुसते वाचून कान तयार करणारे उतारे हवेत. प्रश्नावलीत मात्र गाळलेल्या जागा भरण्यापलीकडे काही नाही.

विशेषणांवर जास्त लिहिण्याचे कारण नाही. ‘रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से’ असे चार रूपांनी बदलणारे आणि ‘वेर्दे, वेर्दी’ असे फक्त वचनाने बदलणारे, हे दोन गट ‘काळा’ बदलतो आणि ‘लाल’ बदलत नाही हे जाणणाऱ्याला सहज उमगतात. विशेषण बहुधा नामानंतर येते एवढी एक सवय लावावी लागते. काही विशेषणे जागा बदलली की अर्थ बदलतात, त्याचे ‘उन वेक्क्यो आमीको’ म्हणजे जुना मित्र आणि ‘उन आमीको वेक्क्यो’ म्हणजे वयाने म्हातारा मित्र हे उदाहरण येथे चांगले रंगवले आहे.

वर्तमानकाळाचे धडे शिस्तशीर आहेत. ‘-आरे’, ‘-एरे’ आणि ‘-ईरे’ असे क्रियापदांचे तीन वर्ग करून बोलणे, घेणे आणि झोपणे या क्रियापदांची रूपे शेजारी शेजारी दिली आहेत, त्यामुळे तिन्ही वर्गांत ‘मी’ साठी ‘ओ’, ‘तू’ साठी ‘ई’ आणि ‘आम्ही’ साठी ‘-यामो’ हेच प्रत्यय येतात हे न सांगताही दिसते. ‘पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो’ म्हणवून घेताना शेवटच्या रूपात आघात पहिल्या अक्षरावरच राहतो, हे शिक्षक दरवेळी हाताने ताल देऊन दाखवतो. ही छोटी गोष्ट पुस्तकातून सहसा कळत नाही आणि ध्वनिचित्रमुद्रणाचा खरा फायदा अशाच ठिकाणी असतो. ‘-ईरे’ वर्गातील काही क्रियापदांत मध्येच ‘-इस्क’ शिरतो, जसे समजणे या क्रियापदाचे ‘कापीस्को, कापीशी, कापीशे’, पण ‘आम्ही’ साठी पुन्हा साधे ‘काप्यामो’. कोणत्या क्रियापदांत तो शिरतो याची येथे फक्त यादी आहे. मूळ रूपाचे रोमन लिपीतील शेवटून पाचवे अक्षर स्वर असेल तर बहुतेक वेळा ‘-इस्क’ येतो आणि व्यंजन असेल तर बहुतेक वेळा येत नाही, हा प्रचलित आडाखा सांगितला असता तर ‘फिनीरे’ आणि ‘दोर्मीरे’ यांतला फरक यादीविना ओळखता आला असता. अर्थात येणे या अर्थाच्या ‘वेनीरे’ सारखी अनियमित क्रियापदे तो मोडतातच.

आवडण्याविषयीचा धडा हा या अभ्यासक्रमाचा स्वभाव सर्वांत चांगला दाखवतो. ‘मी प्याचे इल लीब्रो’ आणि ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’ या वाक्यांत क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नव्हे तर आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते, हे समजावण्यासाठी शिक्षक बाण काढतो, शब्दांची उलटापालट करतो, वाक्य आधी मोडक्या इंग्रजीत म्हणून दाखवतो आणि शेवटी ‘याची सवय होईल’ असा धीर देतो. मराठीत आपण ‘मला पुस्तक आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ असेच म्हणतो. रचना तीच, शब्दक्रमही जवळपास तोच. इटालियन ‘मी’ चा अर्थ ‘मला’ होतो एवढे ध्यानात ठेवले की धडा संपला. नकाराच्या बाबतीतही असेच होते. ‘नोन वेदो नेस्सूनो’ या वाक्यात दोन नकार कसे चालतात याबद्दल येथे बरीच क्षमायाचना आहे, आणि आपण मात्र ‘कुणीच दिसत नाही’ म्हणून मोकळे होतो. भूक लागण्याला ‘भूक असणे’ असे म्हणतात, वयही ‘असते’, हे भाग ठीकठाक आहेत.

आदरार्थी संबोधनाचा धडा मात्र लक्ष देऊन पाहावा, कारण येथे मराठीची सवय थेट आड येते. आपल्याकडे आदर म्हणजे अनेकवचन: ‘तुम्ही बसा’, ‘सर आले’. म्हणून इटालियनमध्येही अनोळखी वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना ‘वोय’ हे अनेकवचनी सर्वनाम तोंडात येते. प्रमाण इटालियनमध्ये आदरासाठी ‘लेय’ वापरतात, ज्याचा मूळ अर्थ ‘ती’ असा आहे, आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी ठेवतात, मग समोर पुरुष असो वा स्त्री. विशेषण मात्र प्रत्यक्ष माणसाच्या लिंगाप्रमाणे येते. दक्षिणेकडे आदरार्थी ‘वोय’ आजही ऐकू येतो आणि १९३८ साली फॅसिस्ट राजवटीने ‘लेय’ हद्दपार करून ‘वोय’ सक्तीचा करण्याचा प्रयत्न केला होता, ही माहिती शिक्षक जाता जाता देतो. दुकानातील एक आणि दवाखान्यातील एक असे दोन संवाद ‘तू’ आणि ‘लेय’ अशा दोन्ही प्रकारे बोलून दाखवले आहेत. संपूर्ण अभ्यासक्रमात इतका उपयुक्त सराव क्वचितच दुसरा असेल.

शब्दयोगी अव्ययांचा धडा सर्वांत निराशाजनक आहे. ‘दी’, ‘आ’, ‘दा’, ‘इन’, ‘कोन’, ‘सू’, ‘पेर’, ‘त्रा’, ‘फ्रा’ ही अव्यये नामाच्या आधी येतात आणि त्यांतील पाच उपपदाशी संधी करून ‘देल’, ‘आल’, ‘दाल’, ‘नेल’, ‘सूल’ अशी रूपे घेतात. धड्यात या संधींचा एक भलामोठा तक्ता आहे. तक्ता बरोबर आहे, सुबक आहे आणि पाठ करण्याजोगाही आहे. ‘घर’ चे ‘घरात’ होताना सामान्यरूपाची पायरी लागते हे अंगवळणी पडलेल्या माणसाला संधीचे भय वाटणार नाही. बदल येथे नामात न होता उपपदात होतो इतकेच. प्रश्न तक्त्याचा नाहीच, प्रश्न निवडीचा आहे. रोमला जातो म्हणताना ‘आ रोमा’, इटलीला जातो म्हणताना ‘इन इताल्या’, डॉक्टरांकडे जातो म्हणताना ‘दाल मेदिको’, चित्रपटगृहात जातो म्हणताना ‘आल चीनेमा’, बँकेत जातो म्हणताना ‘इन बांका’. मराठीतला ‘ला’, ‘त’ किंवा ‘कडे’ पाहून यातले एकही ठरवता येत नाही. शहराला ‘आ’, देशाला ‘इन’, माणसाकडे जायचे तर ‘दा’, एवढी विभागणी तरी ठसठशीत हवी होती. त्याऐवजी पाच वाक्ये, एक तक्ता आणि ‘ही अव्यये वाचनातून येतील’ हा सल्ला. सल्ला खोटा नाही, पण वाचायला उतारा दिलेला नाही.

भूतकाळात अभ्यासक्रम पुन्हा उंचीवर जातो. ‘पास्सातो प्रोस्सिमो’ हा काळ ‘आवेरे’ किंवा ‘एस्सेरे’ या सहायक क्रियापदाने आणि धातुसाधिताने बनतो. ‘एस्सेरे’ घेणाऱ्या जाणे, येणे, पोचणे, जन्मणे, मरणे अशा क्रियापदांत धातुसाधित कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते: ‘मार्को ए आंदातो’, ‘मारीया ए आंदाता’. आपण ‘मार्को गेला’, ‘मारीया गेली’ म्हणतो, म्हणजे कर्तरी प्रयोगच. ‘आवेरे’ घेणाऱ्या सकर्मक क्रियापदांत मात्र धातुसाधित सहसा बदलत नाही. ‘ओ मांजातो ला मेला’ म्हणजे मी सफरचंद खाल्ले. (इटालियनमध्ये सफरचंदाला ‘मेला’ म्हणतात, याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.) परंतु त्याच कर्माच्या जागी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या आधी बसले, की धातुसाधित त्या कर्माप्रमाणे बदलते आणि वाक्य होते ‘ल’ओ मांजाता’, म्हणजे शेवटी ‘ओ’ ऐवजी स्त्रीलिंगी ‘आ’. इंग्रजीभाषक विद्यार्थी येथे हमखास अडखळतो हे शिक्षकाला ठाऊक आहे, म्हणून त्याने या एका नियमासाठी स्वतंत्र धडा ठेवला आहे, कर्म आधी नामरूपाने, मग सर्वनामरूपाने असे एकेक वाक्य फिरवून दाखवले आहे आणि सरावही भरपूर दिला आहे. ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्ले’ असा कर्मणी प्रयोग रोज करणाऱ्याला मूळ कल्पना आधीच परिचित असते. त्याने फक्त स्वतःला आवरायचे असते, कारण मराठीत अशा वाक्यांत क्रियापद नामरूपी कर्माशीही जुळते आणि इटालियनमध्ये फक्त कर्माचे सर्वनाम क्रियापदाआधी आल्यावर. मराठीच्या सवयीने नामरूपी कर्माशीही जुळवून ‘ओ मांजाता ला मेला’ लिहिणारे विद्यार्थी असणारच, आणि त्यांची चूक का होते हे सांगणारे येथे कोणी नाही.

अनियमित धातुसाधितांची यादी मोजकी आहे: करणे ‘फात्तो’, सांगणे ‘देत्तो’, लिहिणे ‘स्क्रीत्तो’, पाहणे ‘वीस्तो’, घेणे ‘प्रेझो’, उघडणे ‘आपेर्तो’. त्यानंतर येतो ‘इम्पेर्फेत्तो’, म्हणजे चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीचा भूतकाळ. दोन भूतकाळांतील निवड शिकवण्यासाठी एका माणसाच्या सकाळचे वर्णन दिले आहे. पाऊस पडत होता, तो खिडकीशी बसून वाचत होता, इतक्यात दूरध्वनी वाजला. तो रोज त्या वेळी चालायला जात असे, पण त्या दिवशी घरीच थांबला. प्रत्येक क्रियापदाला कोणता काळ घालायचा हे विद्यार्थ्याने ठरवायचे आणि मग शिक्षक एकेका निवडीचे कारण सांगतो. ‘वाचत होता’, ‘जात असे’ आणि ‘वाजला’ ही तीन रूपे मराठीत वेगळी असल्याने आपली निवड बहुधा बरोबर येते. मराठीतील पहिल्या दोन रूपांना इटालियनमध्ये मिळून एकच काळ आहे, एवढे उमजले की काम झाले.

टिपणे छापून ठेवण्यासारखी आहेत. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे आणि वेग कमी करून ऐकण्याची सोयही आहे. स्वतः लिहिलेला मजकूर तपासून देणारे मात्र कोणी नाही, आणि इटालियन विद्यापीठांच्या ‘चिल्स’ किंवा ‘चेली’ यांसारख्या परीक्षांना बसायचे असेल तर ही उणीव मोठी आहे, कारण तेथे लेखन आणि संभाषण यांची स्वतंत्र तपासणी होते. ज्याला इंग्रजी अस्खलित समजते, जो उच्चार, लिंग आणि आवडण्याचे धडे निम्म्या वेळेत उरकून उपपदे व अव्यये यांवर स्वतःहून दुप्पट वेळ घालू शकतो आणि लिहिलेले दाखवायला ज्याच्याजवळ एखादा जाणकार आहे, त्याने हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. इंग्रजीतून व्याकरण शिकणे ज्याला जड जाते त्याने घेऊ नये. त्याला इटालियनबरोबर इंग्रजी उपपदांचाही अभ्यास करावा लागेल. या साच्याचा दुसरा एखादा अभ्यासक्रम पारखायचा असल्यास नमुना म्हणून मोफत दाखवला जाणारा पहिला धडा पाहून ठरवू नये, कारण उच्चारांचा तो धडा सगळीकडेच देखणा असतो. शक्य असेल तर शब्दयोगी अव्ययांचा धडा मागून घ्यावा आणि त्यात ‘आ’, ‘इन’ आणि ‘दा’ यांतून निवड कशी करायची हे सांगितले आहे की केवळ तक्ता दिला आहे, तेवढे पाहावे.